सुलटा बिल्ला

१

ठोकेआजोबा लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला मरून पडले होते, आणि दाराच्या बाहेर संग्रहालयाचा व्यवस्थापक मला विचारत होता, "मॅडम, अकरापर्यंत आवरेल ना? पाहुणे येतायत."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तिशीतला, शहरातून आलेला, केस चोपून बसवलेले. शर्टाच्या खिशावर खाणकामगाराच्या टोपीचं भरतकाम. पोलिसात इतकी वर्षं काढून माझं पोट तसं घट्ट झालंय. प्रेताने मला काही झालं नाही. त्या भरतकामाने मात्र मळमळलं.

या डोंगरातली कोळशाची खाण बंद पडून एक पिढी गेली. कोळसा संपला तसं गावाने मेलेली माणसं विकायला काढली. बाजारात पत्र्याच्या टोप्या मिळतात, कोळशासारखी दिसणारी काळी साखर मिळते, आणि तोंडाला धुऊन जाणारी काजळी फासून फोटो काढून देणारी दुकानं आहेत. खाणीचा एक बोगदा तेवढा उघडा ठेवलाय. तोंडाशी लोखंडी दार, आत दिवे, हवेसाठी पंखा, आणि शेवटी विटांची भिंत. फार वर्षांपूर्वी आत स्फोट झाला, आग लागली, आणि आग कोंडावी म्हणून ती भिंत घातली. भिंतीपलीकडे सात माणसं राहिली. सातही जण स्फोटातच गेले होते, असं पाटीवर लिहिलंय.

त्या भिंतीपाशी स्टुलावर ठोकेआजोबा बसायचे. खाणीत काम केलेला गावातला शेवटचा माणूस. लोकांची टोळी आली की ते हातोडीने भिंतीवर ठोकून दाखवायचे, अडकलेली माणसं बाहेरच्यांना खूण कशी करतात ते. लोक भिंतीला कान लावून मजेत शहारायचे. जागच्या जागी मेलेली माणसं ठोकतील कशी, हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. मग आजोबांना खोकल्याची उबळ यायची, आणि लोक तिचाही व्हिडिओ काढायचे.

आता ते दाराशी पालथे पडले होते. मुठीत हातोडी, तिचा दांडा तडकलेला. दाराच्या आतल्या बाजूचा रंग उडाला होता. भिंतीलगत जाणाऱ्या पाण्याच्या जुन्या नळावर ताजे, चकाकते पोचे होते. म्हणजे म्हातारा आत कोंडला गेला होता. दिवे बंद, पंखा बंद, आणि छातीत दगडाची धूळ भरलेली. त्याने ठोकलं होतं, मदतीसाठी, जीव जाईपर्यंत.

पायरीवर त्यांची सून बसली होती. हीच तिकिटं फाडते आणि संध्याकाळी कुलूप लावते.

"मीच लावलं कुलूप," ती म्हणाली. "पण मॅडम, बिल्ला सुलटा होता. शपथेवर सांगते, मी बघितला."

माझ्याबरोबरचे हवालदार याच गावचे, पन्नाशीला आलेले, कमी बोलणारे. ते प्रेताकडे बघत कधीचे नुसते उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, यांनी मला आज दुपारी बोलावलं होतं. म्हणाले, आईला घेऊन ये. मला तिची माफी मागायचीय."

२

हवालदारांच्या आईला गाव 'वेडी' म्हणतं. त्यांना स्वतःला शाळेपासून 'वेडीचा' हेच नाव. भिंतीपलीकडच्या सातांत त्यांचे वडील होते. भिंत घातल्यावर त्यांची आई तिथे जाऊन किंचाळायला लागली, की आतून ठोकल्याचा आवाज येतोय, माझा नवरा जिवंत आहे. खाणीच्या डॉक्टरने तपासून लिहून दिलं की बाईला भास होतात. तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. मुलगा मामीच्या हाताखाली वाढला. नोकरी लागल्यावर पहिलं काम त्याने कुठलं केलं असेल, तर आईला घरी आणलं. अजूनही येणारीजाणारी कार्टी तिच्या दारावर टकटक करून पळतात, आणि त्यांचे आईबाप हसतात.

"मला एवढंच कळायला हवं होतं," हवालदार म्हणाले, "की तिला भास झाला होता की नाही. ते सांगू शकणारा एकच माणूस उरला होता."

आणि तो माणूस सांगायच्या आदल्या संध्याकाळी कोंडला गेला. मी योगायोगावर विश्वास ठेवणारी बाई नाही.

बोगद्याच्या तोंडाशी दिवाखोली आहे. पूर्वी कामगार इथून दिवा घेऊन आत जायचे. एका भिंतीवर लाकडी फळा, त्यावर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याला एका माणसाचा पितळी बिल्ला. एका बाजूला नंबर, दुसरी बाजू कोरी. आत जाताना आपला बिल्ला उलटा करायचा, कोरी बाजू पुढे. बाहेर आलं की सुलटा. फळ्याकडे नजर टाकली की आत कोण आहे ते कळायचं. गावात अजून कोणी सुखरूप घरी पोचलं की 'बिल्ला सुलटा झाला' म्हणतात, आणि मेलेल्याबद्दल 'त्याचा उलटाच राहिला'.

"आता हे सगळं शोभेचं," सून सांगत होती. "एकटे मामंजी रोज जाताना आपला उलटा करायचे नि येताना सुलटा. माझे गुडघे गेलेत मॅडम. शेवटपर्यंत जाऊन बघून येणं होत नाही. मी बिल्ला बघते. सुलटा असला की ते बाहेर येऊन संग्रहालयामागच्या वाटेने घरी गेले असं धरते. काल सुलटा होता."

"घरी नव्हते हे कळलं नाही तुम्हाला?"

"त्यांची खोली वेगळी, दार वेगळं. खोकला ऐकू आला नाही तेव्हा वाटलं, चला, आज झोप लागली." तिने तोंड फिरवलं. "बरं वाटलं मला. खरं तेच सांगते. त्या खोकल्याने मी विटले होते."

बाहेर जमलेल्या बायका तोपर्यंत कुजबुजायला लागल्याच होत्या, की सुनेनेच म्हाताऱ्याचा काटा काढला. विटले म्हणून कबूल करणारी बाई खून करून वर असं बोलत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

"काही बोलायचे का ते? जुनं काही?"

"झोपेत बरळायचे. 'चुना अजून ओला आहे, चुना अजून ओला आहे.' त्यांनीच घातली होती ना ती भिंत. गवंडीकाम यायचं त्यांना."

बोगद्यातून वारा आला. या बोगद्याला सतत वारा असतो, कधी आत, कधी बाहेर. फळ्यावरचे सगळे बिल्ले किणकिणायला लागले, काही तर जागच्या जागी फिरले. आजोबांचा मात्र हलला नाही. मी बोट लावलं. तो घट्ट बसला होता. खिळ्याखाली फळ्यात एक बारीक चीर होती आणि बिल्ल्याची खालची कड त्या चिरेत दाबून बसवली होती. अशी चीर प्रत्येक खिळ्याखाली होती, पण बाकी साऱ्या चिरा धुळीने बुजलेल्या. नखाने उचकटावा लागला तेव्हा तो सुटला.

"हे असं ते करायचे का?" मी सुनेला विचारलं.

तिने ती चीर आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

३

डॉक्टर आता ऐंशीचे आहेत आणि अजून दवाखाना चालवतात. दवाखान्यात जंतुनाशकाचा आणि जुन्या गादीचा वास. मी खुर्चीवर बसायच्या आत ते म्हणाले, "नैसर्गिक मृत्यू. फुप्फुसं कामातून गेलेली. मी लिहून ठेवलंय."

"प्रेत न बघता?"

"मी त्याला वर्षानुवर्षं बघतोय."

"मग त्या छातीत धूळ भरलीय हे कधी लिहून दिलंत? म्हाताऱ्याला बोगद्यात बसवू नका, असं कधी म्हणालात?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. माणसाला उत्तर नसलं की चष्मा फार मळतो.

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"संग्रहालयाच्या अंगणात. आज 'ठोक्यांच्या भिंती'चा मोठा सोहळा होता ना, त्याची तयारी. सगळेच होतो. वारसा समितीचे अध्यक्ष, व्यवस्थापक. मला खुर्ची कुठे ते दाखवलं आणि मी आलो घरी."

"हवालदारांच्या आईला वेडी ठरवलंत ते कशावरून?"

"तिला आवाज ऐकू येत होते. जिथे आवाज नाही तिथे आवाज ऐकू येणं हे आजाराचं लक्षणच आहे, बाई."

"तुम्ही स्वतः भिंतीला कान लावून पाहिलात?"

"त्याची गरज नव्हती. सगळे बिल्ले... म्हणजे, सगळे मेल्याचं कळवलं होतं."

मी पुढे झुकले. "बिल्ल्यांचं काय?"

"काही नाही. जुनी गोष्ट." आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. बाहेर रोगी नव्हता.

व्यवस्थापक त्याच्या काचेच्या खोलीत फोनवर कोणाला तरी सोहळा पुढे ढकलल्याचं कळवत होता. मला पाहून चेहरा पाडला. तो बरा जमतो त्याला.

"बिल्ला तुम्ही सुलटा केलात का?"

"रोज सकाळी मी सगळेच सरळ करून घेतो. नंबर दिसले पाहिजेत ना, फोटोत कोरी बाजू फार वाईट दिसते. पण संध्याकाळी नाही. संध्याकाळी मी पाहुण्यांना हॉटेलवर घेऊन गेलो."

"आजोबा आपला बिल्ला उलटा करतात ते माहीत होतं?"

"हो, मी किती वेळा सांगितलं, आजोबा, चमकती बाजू पुढे. ऐकायचेच नाहीत. त्याला काही अर्थ होता का?"

या माणसाच्या गळ्यात संग्रहालयाच्या किल्ल्या होत्या. मी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला.

"बिल्ला खाली चिरेत दाबतात, ते?"

"कुठल्या चिरेत?" तो खरोखरच गोंधळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एक सांगू? वाईट दिसेल, पण आवाज काय आला होता काल! आम्ही हॉटेलच्या बागेत जेवत होतो. तो जुना पाण्याचा नळ तिथवर जातो. त्यातून ठोके येत होते, अगदी खरेखुरे. मला वाटलं अध्यक्षांनी आपल्याला न सांगता काहीतरी खास आखलंय. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या."

मी खिडकी उघडली. मला मोकळी हवा हवी होती.

४

हॉटेल अध्यक्षांचं. वारसा समितीचे अध्यक्ष तेच. त्यांचे वडील खाणीचे मुकादम होते, म्हणून गाव यांना 'धाकटे मुकादम' म्हणतं. साठी ओलांडलेले, गोरेगोमटे, बोलणं लोण्यासारखं. ते स्वागतकक्षातच भेटले. मागच्या फळीवर खोल्यांच्या किल्ल्या ओळीने लावलेल्या होत्या. दारातून गार वारा येत होता आणि एकच किल्ली हलत होती.

"किती वेळा सांगायचं तुला?" ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, हात लांब करून ती किल्ली जागी बसवली आणि माझ्याकडे वळले. "या, बाईसाहेब. चहा घेणार? फार वाईट झालं. गावाचा आत्मा गेला हो."

"गावाचा आत्मा दारावर ठोकत होता आणि तुमचे पाहुणे टाळ्या वाजवत होते."

"ते कळलं तेव्हापासून माझ्या घशाखाली घास नाही उतरला." टेबलावर अर्धं खाल्लेलं आमलेट होतं. "मला वाटलं व्यवस्थापक सराव करतोय. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं."

"व्यवस्थापकाला वाटलं तुम्ही करताय. आणि तो तुमच्याच टेबलावर बसला होता. एकाने दुसऱ्याला विचारलं नाही?"

"गर्दीत राहून गेलं."

"काल संध्याकाळी दिवाखोलीत गेला होतात?"

"मी? बाईसाहेब, मी त्या खाणीत जन्मात पाऊल ठेवलेलं नाही. जीव घुसमटतो माझा. स्फोट झाला तेव्हा मी बाहेरगावी शिकत होतो. ते उलटं काय नि सुलटं काय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपला पाहुणे सांभाळणारा माणूस." मग मऊ आवाजात, "सुनेला फार त्रास देऊ नका. बिचारी थकली होती. म्हाताऱ्याचं करून करून माणसाच्या हातून काहीतरी होऊन जातं."

वा! कणव दाखवता दाखवता त्यांनी तिच्या गळ्यात दोर अडकवलासुद्धा. मी चहा न पिता उठले.

"सोहळा तीन दिवसांनी करावा म्हणतो," ते दारापर्यंत आले. "आजोबांच्या स्मृतीलाच अर्पण. त्या सात जणांचे बिल्ले व्यवस्थापकाने मुद्दाम उलटे लावलेत. आम्ही मान्यवरांनी एकेक सुलटा करायचा, अशी त्याची कल्पना. आत्म्यांना घरी आणल्यासारखं. आपली परवानगी असेल तर."

मला वाटलं हाकलून द्यावं. पण फाटकापर्यंत चालत जाताना माझ्या डोक्यात काहीतरी टोचत राहिलं. वारा होता आणि त्या किल्ल्या हलत नव्हत्या. मी परत फिरले आणि परवानगी देऊन टाकली.

बाहेर हवालदार तोंड कडू करून उभे होते. "मॅडम, हे लोक आता त्यांच्या मरणाचाही कार्यक्रम करणार?"

"करू द्या. मला तुमच्या आईला भेटायचंय."

५

मी 'वेडी'ला भेटायला गेले होते. भेटली ती एक नीटनेटकी म्हातारी. तिने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "तुम्हीपण ठोकून बघणार का?"

"नाही, आजी. मला त्या दिवशीचं सांगा. सुरुवातीपासून."

ती मुलाकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायचंच कशाला, ती वेडी होती ना.

"भोंगा झाला तशी मी पळत गेले," ती म्हणाली. "हा कडेवर. दिवाखोलीचा माणूस इतरांना काढायला आत गेलेला. मी खिडकीतून फळा बघितला. ह्यांचा बिल्ला सुलटा होता. आणि दाबलेला."

"दाबलेला म्हणजे?"

"कामगाराने बिल्ला नुसता फिरवायचा. दाबायचा नाही, हात लावला तर दंड. पाळी संपली की दिवाखोलीचा माणूस प्रत्येकाचं तोंड बघायचा, आणि मग त्याचा बिल्ला अंगठ्याने चिरेत दाबायचा, वाऱ्याने फिरू नये म्हणून. दाबलेला बिल्ला म्हणजे मोजलेला माणूस. आम्ही बायका लांबून कान द्यायचो. वाजतोय तोवर वाट बघायची. गप्प झाला की घरी जाऊन चूल पेटवायची."

हवालदार खाली मान घालून ऐकत होते.

"त्या दिवशी फळा गप्प होता?"

"सगळा गप्प. म्हटलं, आले वाटतं सगळे. खिडकीत एक पोरगा होता, मिसरूड फुटायचं होतं. मान खाली. तोंड दिसलं नाही. मी विचारलं, हे कुठायत? तर म्हणाला, 'वहिनी, घरी जा.' मी घरी आले. हे नव्हते. परत पळत गेले तोवर भिंत अर्धी झाली होती. तोंडाला कुलूप लावल्यासारखी सगळी माणसं गप्प उभी. आणि आतून..." तिने पेल्यावर बोट आपटलं, हलकेच. "मी ओरडले, तर मुकादम म्हणाला, बिल्ले बघ, आत कोणी नाही. दुसऱ्या दिवशी म्हणायला लागले, सात मेले."

मला सगळं दिसलं. आत माणूस आहे तोवर भिंत घालता येत नव्हती. आगीत कोळसा जळत होता. मुकादमाला घाई होती. म्हणून आत जिवंत असलेल्या सात माणसांना फळ्यावर बाहेर आणलं गेलं. गवंड्याने फळा पाहिला आणि विटा रचल्या. रचता रचता त्याने ते ऐकलं, आणि तरी रचतच राहिला. डॉक्टरलाही बिल्ले ठाऊक होते. त्याने ऐकणाऱ्या बाईलाच वेडी करून टाकलं.

"तो पोरगा कोण होता, आजी?"

"कोण जाणे. आवाज तेवढा लक्षात आहे. पण वेडीच्या लक्षात असलेला आवाज तुम्ही कुठल्या कोर्टात नेणार?"

"कोर्टात नाही," मी म्हटलं. "आधी सोहळ्याला नेऊ."

६

सोहळ्याला सगळं गाव लोटलं होतं. आजोबांचा मोठा फोटो, खोकल्याच्या उबळीतला. तोच सर्वांत 'जिवंत' वाटतो, असं व्यवस्थापकाचं म्हणणं. फळा दिवाखोलीतून काढून अंगणात उभा केला होता. सात बिल्ले उलटे.

पहिला मान व्यवस्थापकाचा. त्याने दोन बोटांनी बिल्ला फिरवला, कॅमेऱ्याकडे हसला, आणि बिल्ला वाऱ्याने पुन्हा उलटा झाला. लोक हसले. डॉक्टरांना बिल्ला धरायचा कुठून तेच कळेना, त्यांना तो धड फिरवताही आला नाही.

मग अध्यक्ष आले. चार शब्द बोलले, डोळे टिपले आणि फळ्याकडे न पाहताच हात लांब केला. बिल्ला फिरला, आणि फिरवणाऱ्या हाताचाच अंगठा खाली सरकून त्याची कड चिरेत बसवून मोकळा झाला. टक्. तो हात काय करतोय हे त्या हाताच्या मालकाला कळलंही नव्हतं. ते लोकांकडे बघून नमस्कार करत होते.

वारा आला. सगळे बिल्ले वाजले. तो वाजला नाही.

हवालदारांची आई गर्दीतून चालत पुढे आली आणि फळ्यासमोर उभी राहिली. तो नंबर तिच्या नवऱ्याचा होता. पाहुण्यांत चुळबूळ झाली. अध्यक्ष झटकन तिच्याजवळ गेले आणि खाली वाकून, अगदी मायेने म्हणाले, "वहिनी, घरी जा."

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"हाच," ती म्हणाली.

"काय हाच? हवालदार, आईला सांभाळा जरा..."

"हवालदार जागचे हलणार नाहीत," मी म्हटलं. "तुम्हीपण हलू नका. खाणीत जन्मात पाऊल ठेवलं नाही म्हणालात ना? मग बिल्ला चिरेत दाबायला तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे.

"आजोबांचा बिल्ला त्या संध्याकाळी असाच दाबलेला होता," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मुद्दामच. "आजोबांनी तो दाबला नाही, कामगार बिल्ला दाबत नसे. सुनेला ती चीर माहीत नव्हती. व्यवस्थापकाला चमकण्यापलीकडे काही माहीत नाही, त्याचा बिल्ला आत्ताच तुमच्यासमोर फिरला. डॉक्टरांना बिल्ल्यांचा अर्थ कळत होता, पण फळ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता, ते आत्ता दिसलंच. नुसता सुलटा करून भागणार नव्हतं. सून येऊन बघेपर्यंत वाऱ्याने तो फिरला असता. ही भीती ज्याने हे काम केलंय त्यालाच वाटणार. आणि ज्याचा हात ते काम अजून विसरलेला नाही. तुमच्या हॉटेलातल्या किल्ल्या वाऱ्यात हलत नाहीत, अध्यक्ष. फळीला चिरा पाडून घेतल्यात तुम्ही, आणि सैल राहिलेली किल्ली माझ्यासमोर अंगठ्याने दाबलीत."

"हे... हे काय पुरावा झाला?"

"पाहुण्यांना ठोके ऐकू आले तेव्हा बोगद्यात कोणी नाही अशी तुमची समजूत असती तर तुम्ही शेजारी बसलेल्या व्यवस्थापकाला विचारलं असतंत. विचारलं नाहीत, कारण आत कोण आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही जेवत राहिलात."

डॉक्टर खुर्चीत पुटपुटले, "आवाजाचं... मी तेव्हा..."

"तुमचं नंतर," मी म्हटलं. "तेवढं मात्र सांगा, त्या रात्री हॉटेलातल्या सगळ्या पाहुण्यांना आवाज ऐकू आले. त्या सगळ्यांना वेडं ठरवणार का?"

अध्यक्ष खाली बसले. त्यांच्या आवाजातलं सगळं लोणी वितळलं होतं. "बाबांनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी पोर होतो, सुट्टीत दिवाखोलीतल्या माणसाच्या हाताखाली असायचो. बाबा म्हणाले, सगळे सुलटे कर आणि दाब. मी केले. मला काय कळत होतं? आणि त्या दिवशी म्हातारा म्हणाला, तू सांग, नाहीतर उद्या मी त्या बाईसमोर सगळं सांगतो..."

"तेव्हा बाबा होते. या वेळी कोणी सांगितलं?"

ते रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखं. कोणाला तरी कीव येईल म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलंही. मला आली ती शिसारी. हातकड्या मी हवालदारांना घालू दिल्या.

७

भिंत फोडायचा हुकूम आला. तो येईपर्यंत समितीची माणसं दोनदा माझ्याकडे येऊन गेली. भिंत ठेवता आली तर बघा, गावाचं पोट आहे त्यावर. एकाने तर सुचवलं की फोडायचीच असेल तर सुट्टीच्या दिवसांत फोडावी, बघायला लोक येतील. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला तेव्हा तो मनापासून दुखावला. त्याचं काय चुकलं ते त्याला मरेपर्यंत कळणार नाही.

दुपारी ऊन चांगलं होतं. हवालदारांच्या आईला मी बोगद्याबाहेरच्या बाकावर बसवलं. सून तिच्या शेजारी येऊन बसली. आतून घणांचे आवाज येत होते, मग ते थांबले.

बऱ्याच वेळाने हवालदार बाहेर आले. तोंडावर विटांची लाल धूळ, डोळ्यांखाली ओली. ते आईच्या पायाशी जमिनीवरच बसले.

"आई, भिंतीपाशीच होते. सगळे. भिंतीला टेकून."

"मला माहितीय," ती म्हणाली.

"तुला भास झाला नव्हता."

"मला माहितीय रे." तिने त्यांचे केस झटकले, त्यातली धूळ काढायला. मग माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हाला एक विचारू? मला नुसतं ऐकू आलं एवढंच मी सगळ्यांना सांगत होते. पण मी पण ठोकलं होतं. दगड घेऊन, बाहेरून. मला ओढून नेईपर्यंत ठोकत होते. ते त्यांना ऐकू गेलं असेल का हो?"

हवालदारांनी मान वर केली. सून माझ्याकडे बघायला लागली. मी आत जाऊन आले होते, फुटलेली भिंत हाताने चाचपली होती. घाईघाईत घातलेली, ठिकठिकाणी चुना धड न भरलेली.

"भिंत एकाच विटेची आहे, आजी," मी म्हटलं. "एकाच. आणि ते तिला टेकून बसले होते. ऐकू गेलं."

तिने मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि मुलाच्या तोंडावरची धूळ हाताने पुसत बसली.